दोडक्याच्या पुडीतला अभंग

कुंदा आजनकर कविता लिहिते, हे यवतमाळात चार माणसांनाही ठाऊक नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. शाल, नारळ, माइक, अध्यक्षांचं पाऊण तासाचं भाषण, या सगळ्याचा तिला मनापासून कंटाळा. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, वृत्तं आणि छंद घोकले होते, सेकंड क्लास मिळाला होता. तेवढ्यावर सरकारी नोकरी लागली आणि पुस्तकं माळ्यावर गेली.

लिहायची सवय लागली ती नोकरीत. एकतीस वर्षं ती पाटबंधारे खात्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर होती. आलेल्या प्रत्येक पत्राचा विषय नोंदवहीतल्या तीन बोटं रुंद रकान्यात बसवायचा, हे तिचं काम. लोक चार-चार पानं लिहीत, 'सविनय' पासून निघून मुद्द्यावर यायला तिसरं पान उजाडे. कुंदा उभ्याउभ्या वाचायची आणि रकान्यात टाकायची, 'कालव्याचे पाणी घरात शिरणे, तिसरी तक्रार.' एक साहेब म्हणायचे, "बाई, तुमचा रकाना वाचला की पत्र वाचायची गरजच राहत नाही." हे कौतुक होतं की साहेबांचा आळस, हे ती शोधत बसली नाही.

निवृत्त झाली आणि महिनाभरातच हात शिवशिवायला लागले. पत्रं बंद झाली होती, पण जगात घडायचं ते घडतच होतं आणि नोंद घ्यायला कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असे, किराणावाला दर वर्षी द्यायचा. फाडलेल्या पानाची मागची बाजू कोरी, आकार तळहाताएवढा. तिनं पहिलं पान लिहिलं ते गॅसवर:

सिलिंडर संपायची वेळ
त्याला कोण सांगून जातं?
पुरण अर्धं शिजलं की
नेमकं त्याला कळून येतं.

मग रोजचं एक पान ठरूनच गेलं. कुलरच्या टाकीत पाणी ओतताना येणारा वाळ्याचा वास, अंबाडी निवडून आंबट झालेली बोटं, लाइट गेल्यावर अख्ख्या कॉलनीतून एकदम निघणारा 'गेली!' आणि माणसं. माणसांच्या बाबतीत तिचा एक नियम होता, माणूस पाहून छंद निवडायचा. शेजारच्या हंसाबाई ओवीत, कारण त्या आपणहून कधी थांबत नाहीत आणि ओवीलाही थांबायची घाई नसते. मुलगा क्षितिज चारोळीत, कारण तो सकाळी ऑफिसला जातो, रात्री येतो आणि मधल्या वेळात मोजून चार वाक्यं बोलतो. आणि नवरा हायकूत. कमलाकर शाळेत विज्ञान शिकवायचे. तेहतीस वर्षं वर्गात बोलून त्यांच्या वाट्याचे शब्द बहुतेक संपले असावेत. दिवसाला सतरा अक्षरं त्यांना पुरतात, म्हणून पाच-सात-पाच:

चहा संपला
कप तसाच हाती
बातमी जुनी

बहुतेक पानं रद्दीत जायची; वर्षाकाठी जी दोन-तीन मनाजोगती उतरत, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. अकरा वर्षांत कमलाकरांनी त्या डब्यात काय आहे हे एकदाही विचारलं नाही.

अभंग मात्र तिनं एकाच माणसासाठी वापरला होता. विहीणबाईंसाठी.

सून अपेक्षा, तिची आई विमलताई. दारव्ह्याच्या पुढं पिंपळखुट्याला त्यांची आणि त्यांचे यजमान रामराव यांची शेती. कपाशी, म्हणजे तिकडची पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, आणि शेताला लागूनच घर. या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय असलेला आवाज; तो तीन खोल्यांच्या घरात शिरला तरी लहान होत नसे. दारात पाऊल पडलं की, "अपेक्षे, किती वाळली वं तू!" आणि पाणी प्यायच्या आधी फ्रीज. दार उघडायचं, डबे काढायचे, झाकणं उघडून हुंगायचे, परत ठेवायचे. कुंदा ओट्याजवळ उभी राहून बघत राहायची आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजायची.

तीन वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हाही थोडी कुरबुर झाली होतीच. विमलताईंकडच्या बायका विहिणीविहिणीची गाणी म्हणायच्या तयारीनं आल्या होत्या. म्हणजे दोन्हीकडच्या बायकांनी समोरासमोर बसून विहिणीचं नाक, विहिणीचा स्वयंपाक, विहिणीची चाल यांवर गाण्यातून वाटेल ते बोलायचं, आणि तिनं तिथंच बसून ऐकायचं. कुंदानं निरोप पाठवला, "असलं काही नको. हॉलमध्ये साउंड सिस्टिम आहे." गाणी झाली नाहीत.

आणि मग दोन वर्षांपूर्वी कुंदाची मावसबहीण मुंबईहून आलेली असताना विमलताई अचानक उगवल्या. "मले काय ठाऊक पाव्हने हायेत म्हनून! तुमाले सांगते विहीनबाई, एस्टीत मले जागाच भेटली नाही." मावसबहिणीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि हळूच विचारलं, "या कोण गं?" कुंदा म्हणाली, "सुनेकडच्या आहेत." माझ्या विहीणबाई, एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. लाज कोणाची वाटली हे तिला नीट कळलं नाही, म्हणून त्याच संध्याकाळी तिनं राग काढला तो कागदावर:

विहीण बोलते । गल्लीला कळते ।
घर हे हलते । पायासंगे ॥
फ्रीज उघडते । डबेही हुंगते ।
लेक का वाळते । शोध घेते ॥
कुंदा म्हणे देवा । मले-तुले झाकू ।
कुठे तोंड राखू । पाहुण्यांत ॥

दुसऱ्या कुठल्याही प्रकारात लिहिणाऱ्यानं नाव घालायची सक्ती नसते. अभंगात शेवटी सही लागते, आणि कुंदानं इमानेइतबारे ती केली होती. सहा-सहा-सहा-चार, अक्षरं चोख. पान डब्यात गेलं.

आता कमलाकरांकडे वळायला हवं, कारण घोळ त्यांनी घातला. मागच्या अंगणात त्यांची परसबाग. दोडका, कारली, चवळी, वाल. पहिलं फळ खायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं, बी काढायचं, राखेत घोळायचं, पुडीत बांधून वर नाव-वर्ष लिहायचं. हे काम ते प्रयोगवहीसारखं करत. जुलैच्या सुरुवातीला अपेक्षा आठ दिवस माहेरी निघाली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, तिथून कशीबशी रजा मिळाली होती. विमलताईंनी बी मागितलं होतं. कमलाकरांनी बावीस पुड्या करून दिल्या, अपेक्षानं त्या पिशवीत टाकल्या आणि शनिवारच्या बसनं गेली.

गुरुवारी कुंदानं नवं पान ठेवायला डबा उचलला तर तो वर येताना फार हलका लागला. आत तळाशी सात-आठ पानं.

"अहो, माझ्या डब्यातली पानं?"

"पुड्या केल्या," कमलाकर पेपरातून म्हणाले.

"कशाच्या पुड्या?"

"बियाण्याच्या. विमलताईंना." मग कागदाची बाजू घ्यावी म्हणून, "कागद चांगला आहे. एका मापाचा."

"मागं लिहिलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. म्हणून ती बाजू आत घेतली."

"कायले हात लावला तुमी माह्या डब्याले!"

कमलाकरांनी पेपर खाली ठेवला. कुंदा स्वतःच दचकली. राळेगावच्या शाळेत गुरुजींनी पट्टी मारून मारून तिच्या तोंडातलं 'मले' काढलं होतं. वडील तहसिलीत कारकून, त्यांनी घरी उरलंसुरलं काढलं. साठ वर्षं ते कुठं दडून बसलं होतं कोण जाणे.

तिनं तळाची पानं ओट्यावर मांडली. हंसाबाई होत्या, गॅस नव्हता, हायकू नव्हता. अभंग नव्हता. बावीस पानं नेमकी कोणती गेली याची तिच्याकडे कसलीही नोंद नव्हती. एकतीस वर्षं सरकारचा एकेक कागद जावक क्रमांक देऊन बाहेर सोडणाऱ्या बाईकडे स्वतःच्या कागदांच्या नोंदीचं एक चिटोरं नव्हतं! तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्यासमोर बसून तो अभंग पाठ म्हणून दाखवला. न सांगून चालण्यासारखं राहिलं नव्हतं.

कमलाकरांनी ऐकलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "अक्षरं बरोबर आहेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण वाईट आहे."

"ते मला कळतं."

"अपेक्षाचा फोन?"

"दोन दिवस नाही."

हेच खरं दुखणं होतं. विमलताई रागावल्या असत्या तर कुंदानं सोसलं असतं. वर्षातून चार वेळा गाठ पडणार. पण अपेक्षा रोज संध्याकाळी फोन करणारी पोर. कुंदाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दीड महिना दिवसातून सहा वेळा डोळ्यात औषध घालणारी. लॅबमधून जेवायच्या सुट्टीत सायकल हाणत यायची, थेंब टाकायची, "आई, डोळा मिटा, बोलू नका," म्हणायची आणि परत जायची. कुंदाला मुलगी नव्हती आणि तिची आसही नव्हती, ही आयती मिळाली होती. त्या पोरीच्या आईच्या बोलण्याची तिनं अक्षरं मोजून टिंगल केली होती, आणि खाली सही.

"मी उद्या जाते," कुंदा म्हणाली. "बी जुनं निघालं म्हणून सांगते. साध्या कागदात नव्या पुड्या बांधा, त्या देईन, जुन्या परत आणीन."

"माझं बी जुनं नाही."

"मला ठाऊक आहे हो! नुसतं म्हणायचं आहे."

"तसंही नाही म्हणायचं." कमलाकर उठले. इतकं ठाम बोलणं त्यांच्या तोंडून दोन-चार वर्षांत निघालं नव्हतं. "नव्या पुड्या देतो. खोटं तू तुझं बोल. माझ्या बियाण्यावर नको."

शुक्रवारी सकाळी कुंदा एस्टीनं दारव्ह्याला उतरली आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसली. ड्रायव्हरला दहाव्या माणसाची वाट पाहायची होती. पाच मिनिटं तिनं धीर धरला, मग म्हणाली, "दहाव्याचं भाडं मीच देते. चला." गाडी लगेच निघाली. वाटेत तिनं वाक्य पाठ केलं, 'विमलताई, अहो, यांच्या हातून चुकून मागच्या वर्षीचं बी आलं.' चांगलं जमलं होतं. एका रकान्यात बसलं असतं.

घर दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. "माय वं, रामीमावशीले आज काय वाढू? थे सकायी म्हने, मले लोनचं नको!" मोकळा, खणखणीत आवाज, शेताच्या टोकापर्यंत जाणारा. कुंदाला वाटलं विमलताईच. फाटकातून आत गेली तर पडवीत परात घेऊन अपेक्षा उभी.

"अगबाई, आई?" अपेक्षाचा आवाज एकदम अर्ध्यावर आला. "तुम्ही कशा आलात? आधी कळवायचं ना. बसा, मी पाणी आणते." पुस्तकातल्यासारखं, नीटनेटकं, यवतमाळच्या घरात बोलायची तसंच. फोन का केला नाहीस, हे विचारायचा कुंदाला धीर झाला नाही.

तेवढ्यात विमलताई मागच्या दारानं आल्या, हात मातीनं भरलेले. "बाप्पा! विहीनबाई! या, या. आज सूर्य कोनीकडून उगवला?"

कुंदानं पाठ केलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं आणि पिशवीतून नव्या पुड्या काढून पुढं केल्या. विमलताईंनी त्या घेतल्या नाहीत. तिचा हात धरला आणि मागच्या कुंपणाशी घेऊन गेल्या. काळ्या मातीत दोन-दोन पानांचे टवटवीत कोंब, एका ओळीत.

"हा दोडका. हे कारलं. बावीसच्या बावीस पुड्या पेरल्या, समदं वर आलं. हे मागच्या सालचं बी व्हय?"

"नाही... म्हणजे, यांचा गैरसमज झाला असेल." कुंदानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि ते कागद? पुड्यांचे?"

"कागद? चुलीत गेले असतीन. कागदाचं काय करता?"

कुंदाच्या छातीवरचं ओझंच उतरलं. चुलीत! यापेक्षा चांगली जागा तिला सुचली नसती. अपेक्षाचा फोन आला नाही कारण पोरगी माहेरी आहे, कामात आहे, एवढंच. उगीच जिवाला घोर लावून घेतला आपण. ती पडवीत येऊन ऐसपैस बसली, पाय पसरले, चहाचा कप हातात घेतला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला चहाला चव लागली.

निंदणाच्या, म्हणजे शेतातलं तण काढणाऱ्या बायका जेवायला आल्या. पाच-सहा जणी, हातातले विळे कोपऱ्यात ठेवून भिंतीला टेकल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, काटकुळी रामीबाई, भाकर मोडता मोडता गुणगुणत होती. चाल जात्यावरची, लांबवलेली. शब्द आधी कानावरून नुसते गेले. मग थांबले.

"विहीन बोलतेऽ, गल्लीले कयतेऽ, घर हे हलतेऽ..."

कुंदाचा कप हातातच राहिला. चहा संपला नव्हता, तेवढा फरक.

"ह्या कोन वं?" रामीबाईनं विचारलं.

विमलताई चुलीपाशी उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "ह्या? ह्याच तं थ्या 'कुंदा म्हने'."

पडवीत एवढा हशा उठला की बाहेरचं कुत्रं उठून लांब गेलं. एक तरुण बाई पाण्याचा घोट घेत होती, तिला ठसका लागला. अपेक्षा मात्र हसली नाही. परातीतलं पीठ उगीचच सारखं करत राहिली.

कुंदा उठायला लागली. "विमलताई, मी..."

"बसा," विमलताई म्हणाल्या. "जास्त हलू नका. घर हलते म्हने पायासंगं."

"चुलीत गेले म्हणालात तुम्ही."

"अन् तुमी म्हनल्या बी जुनं हाय. तुमच्या मास्तरांचा फोन आलता सकायीच. बी चांगलं हाय, थे काही बी म्हनन, एवढं बोलले, अजून एक गोष्ट सांगतली अन् ठेवला." विमलताईंनी पदराला हात पुसले आणि कोनाड्यातून पानं काढली. एकवीस पानं, दोऱ्यानं बांधलेली. "घ्या. समदे वाचले आमी. गॅसवालं लय खरं हाय. हे चहावालं रामरावले वाचून दाखवलं तं ते म्हनतात, माह्यावर कोनं लिहिलं? अन् हे असं काहून हो, सुरू झालं का संपलं बी?"

"तो हायकू आहे. तो तेवढाच असतो."

"असन बाई. पन कामाचा नाही. पऱ्हाटीची एक ओय निंदून होत नाही तेवढ्यात."

कुंदाला हसायला येत होतं आणि धीर होत नव्हता. "विमलताई, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं," विमलताई म्हणाल्या. पडवीतला आवाज थोडा खाली आला. "खोटं कायले बोलू. पयल्या दिवशी वाचलं तवा लागलं मले. फ्रीजचं नाही लागलं, थे खरंच हाय, मी उघडतेच. मले-तुलेचं लागलं. दिवसभर रामरावशी बी बोलली नाही. मंग रामीनं म्हनून पाह्यलं, तं चालीत बसलं. म्या म्हनलं, अवं, हे तं विहिनीचं गानं हाय! लग्नात ह्यायनं म्हनू देलं नाही, अन् आता सोताच लिहून धाडलं, दोडक्यासंगं. चालीत बसल्यावर राग कितीक धराव मानसानं?"

"मग आता?"

"आता काय. विहिनीनं म्हनलं तं विहिनीले उत्तर द्या लागते, अन् तिले बसून आयका लागते. रामे, म्हन."

रामीबाईनं भाकर खाली ठेवली, घसा साफ केला. बाकीच्या सरसावून बसल्या.

फ्रीज म्या उघडला । काय सांगू बाई तुले
वाटीभर साय । झाकून माह्या लेकीले ॥

कुंदानं झटकन अपेक्षाकडे पाहिलं. दुधावरची साय ती रोज वाटीत काढून ठेवायची, वर ताटली झाकायची आणि अपेक्षा लॅबमधून आली की साखर घालून पुढं ठेवायची. क्षितिजला माहीत नव्हतं, कमलाकरांनाही नव्हतं. विमलताई डबे हुंगत हुंगत तिथवर पोचल्या होत्या तर.

"मले कयलं तवाच," विमलताई म्हणाल्या, "का पोरगी वाळली तं कामानं वाळली, घरानं नाही. पन फ्रीज मी उघडनच. थे सोडनार नाही. अन् दुसरं आयका, थे आज सकायी जोडलं, मास्तरांच्या फोनवर."

विहीन माही बोले । जसं शायेचं पुस्तक
राग आला का मंग । मले-तुले एकाएक ॥

"त्यांनी तेही सांगितलं?" कुंदा ओरडलीच.

"एवढंच सांगतलं. 'कायले म्हणाली मला,' म्हने. लय खुशीत होते."

आता कुंदाला राहवेना. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ऑपरेशन झालेला डोळा पुसायला पदर शोधायला लागली. तोवर अपेक्षा जवळ आली होती. तिनं आपल्या ओढणीचं टोक पुढं केलं.

"आई," ती हळू म्हणाली, "मी तुमच्याकडे तोंड सांभाळून बोलते. तीन वर्षं झाली. मला वाटायचं, तुम्हाला ते कळत नसेल."

कुंदाला गोड काहीतरी बोलता आलं असतं. तिनं ते केलं नाही. "कळत होतं," ती म्हणाली. "मला सोयीचं होतं, म्हणून गप्प राहिले. मला पट्टीनं मारून शिकवलं होतं, तुला मी न मारता शिकवलं. चुकलंच माझं."

अपेक्षानं नाक ओढलं आणि म्हणाली, "भाकर खाता का? ठेचा हाय."

"हाय का? आण मग."

जेवण झाल्यावर कुंदानं पानं मोजून घेतली. एकवीस. अभंगाचं पान त्यांत नव्हतं. विमलताईंना विचारलं तर त्यांनी मान हलवली. "थे माहं हाय. खाली सही हाय ना तुमची, वर माहं वर्नन. थे देनार नाही." कुंदानं आग्रह केला नाही. निघताना विमलताईंनी पिशवीत डाळ टाकलीच, आणि फाटकापर्यंत येऊन, अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "अजून लिहा! पन जरा लांबचं लिहा, म्हनता म्हनता ओय निंदून संपली पायजे!"

परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हर पुन्हा दहाव्या माणसासाठी थांबला. कुंदानं त्याला थांबू दिलं. खिडकीशी बसून ती मांडीवर बोटं आपटत अक्षरं मोजत होती. मावसबहिणीला फोन करून 'त्या माझ्या विहीणबाई होत्या' असं सांगावं का, हा विचार मध्येच आला. दोन वर्षांनी असा फोन आला तर तिला काहीही कळणार नाही, हेही लक्षात आलं. तरी तिनं दारव्ह्याच्या स्टँडवरून तो केला. मावसबहीण म्हणाली, "कोण त्या?" कुंदा म्हणाली, "विमलताई. माझ्या विहीणबाई. लक्षात ठेव," आणि ठेवून दिला.

घरी आली तर डबा ओट्यावर होता. त्याच्या झाकणावर कागद चिकटवलेला, कमलाकरांच्या फळ्यावरच्या अक्षरात: 'बियाण्यासाठी नाही.' तिनं पानं आत टाकली. कमलाकर बातम्या बघत होते. विहिणीला केलेल्या फोनबद्दल त्यांना ती काही बोलली नाही, त्यांनीही विचारलं नाही. एवढी फितुरी करून माणूस इतका निवांत कसा बसू शकतो, याचं मात्र तिला मनातून नवल वाटलं.

रविवारी संध्याकाळी अपेक्षा आली. पिशव्या दारातच टेकवल्या, चपला काढल्या आणि तिथूनच आवाज दिला, "आई, चहा मांडा ना! मले लय भूक लागली." अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

कुंदानं पातेलं गॅसवर ठेवलं. "पोहे करू का... तुले?"

'तुले' इतकं जपून, चिमटीत धरल्यासारखं आलं की अपेक्षाला हसू फुटलं. "राहू द्या आई. तुमाले नाही जमत."

"जमेल. साठ वर्षांची सवय आहे, वेळ लागेल."

बाहेरून कमलाकरांचा आवाज आला. "बी उगवलं का?"

"उगवलं," कुंदा म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

बातम्यांचा आवाज कमी झाला. "चवळीपण?"

"समदं उगवलं म्हनलं ना एकदा! कितीक वेळा इचारता!"

फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. अपेक्षा आत डोकं घालून सायीची वाटी शोधत होती आणि आईच्या चालीत, अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात म्हणत होती, "राग आला का मंगऽ, मले-तुले एकाएकऽ..."